गद्र्यांचा वन्स मोअर

पद्मिनी गद्रेला ‘तू कुठली?’ असं विचारायचं असेल तर जरा लांब उभं राहून विचारावं. ‘नेपरव्हिलची,’ असं ती सांगते, म्हणजे शिकागोच्या उपनगरातली. समोरचा गोरा माणूस मग गोड हसून म्हणतो, ‘नाही, म्हणजे मूळची कुठली?’ त्यावर ती म्हणते, ‘मूळची? हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरची. खिडकीतून पार्किंग दिसायचं म्हणे.’ झालं! पुढे विचारायची कुणाची छाती होत नाही. महाराष्ट्र मंडळातल्या एखाद्या काकूंनी, ‘अगं, पण तुम्ही मूळचे कोकणातले ना?’ असं प्रेमाने विचारलं तरी तिचं उत्तर तेच, फक्त मराठीत.

चाळिशी ओलांडली तरी नाकावरचा राग उतरलेला नाही. दिवसा ती एका दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करते आणि बाकीच्या वेळात गाते. यातलं पोटापाण्याचं काम कुठलं आणि खरं काम कुठलं, हे तिला विचारू नये. लांब उभं राहूनसुद्धा विचारू नये.

हा स्वभाव आला कुठून ते शोधायला फार हिंडायला नको. तिचे वडील मोरेश्वर गद्रे पुण्याहून इंजिनियर होऊन आले, शिकागोतल्या एका कंपनीत पुलांची डिझाइन्स करण्यात जन्म घालवला, रोज सकाळची ट्रेन धरली, आणि रिटायर झाल्यावरही शर्ट इन केल्याशिवाय चहाला बसले नाहीत. त्यांना व्यसन एकच, गाणं ऐकण्याचं. स्वतः गायचे नाहीत. ‘गाणारे पैशाला पासरी आहेत, ऐकणारे कुठायत?’ असं वर सुनावायचे. त्यातही नाट्यसंगीत म्हणजे जीव की प्राण. मंडळाच्या कार्यक्रमाला भारतातून कुणी गायक आला की गद्रे तिसऱ्या रांगेत कडेला, ताठ बसून, डोळे मिटून ऐकणार. गाणं संपलं की सगळा हॉल टाळ्या वाजवायचा आणि गद्रे ढिम्म. पण क्वचित कधीतरी त्या टाळ्यांच्या वरून एक खणखणीत आवाज यायचा, ‘वन्स मोअर!’

तो आला की गायकाचा चेहरा उजळायचा, कारण हा वन्स मोअर असा सहजासहजी सुटत नाही, हे एव्हाना पार मिलवॉकीच्या मंडळापर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं.

‘वन्स मोअर म्हणजे तेच परत नव्हे,’ कार्यक्रमाहून घरी जाताना ते मागच्या सीटवरच्या छोट्या पद्मिनीला समजावायचे. ‘तेच ऐकायचं असेल तर घरी टेप लाव. दुसऱ्यांदा गाताना गाणाऱ्याने काहीतरी नवं द्यायचं असतं. म्हणून तर मागायचं!’

छोट्या पद्मिनीने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं, की एक दिवस आपण गायचं आणि बाबांनी ओरडायचं.

पुढे ओरडली मात्र तीच. कॉलेजात तिने बँड काढला. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकत फिरतात त्या ट्रकांवरून त्याचं नाव ठेवलं सॉल्ट ट्रक. तीन पोरं वाजवायची आणि मधोमध आमची पद्मिनी, काळे बूट, काळा टीशर्ट, माईक तोंडात घातल्यासारखा धरून गायची. अशी गायची की भिंतीवरच्या फ्रेम थरथरायच्या. शिकागोतल्या एका बारमध्ये पहिला मोठा शो होता तेव्हा आईबाबा आले. बाबा शर्ट इन करूनच आले होते. आई, शोभना, कानात कापूस घालून का होईना, हसत उभी राहिली. बाबा मात्र दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर वळले आणि दाराकडे चालू लागले. स्टेजवरून पद्मिनीला त्या गर्दीत त्यांची पाठ लख्ख दिसली. मग ती आणखी जोरात ओरडली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर पंचायत बसली.

‘शब्द कळत नव्हते,’ बाबा म्हणाले.

‘कळण्यासाठी नव्हतेच ते.’

‘मग कशासाठी होते?’

‘तुम्हाला घालवण्यासाठी!’

संपलं. त्यानंतर तो सगळा हिवाळा बापलेकीत अक्षराची देवाणघेवाण नाही. पद्मिनी बेसमेंटमध्ये राहायची, जेवायला बाबा वर गेल्यावर यायची. बिचारी शोभना दोघांच्या मधे निरोप पोचवून पोचवून टेकीला आली. ‘अगं, तिला सांग थर्मोस्टॅट कमी कर,’ ‘आई, त्यांना सांग केलाय,’ असं एका घरात, एका छपराखाली! बर्फ तर त्या वर्षी असा पडला की विचारू नका. पद्मिनीची खटारा व्हॅन रात्रभर ड्राइव्हवेमध्ये बर्फाखाली गाडलेली असायची. पण सकाळी ती कामाला निघायची तेव्हा काच स्वच्छ. आधी तिला वाटलं आई पुसत असेल.

‘मी?’ शोभना म्हणाली. ‘माझी बोटं गारठतात बाई. ट्रेनला जायच्या आधी तुझे बाबा खरवडतात. मला सांगू नको म्हणालेत.’

पद्मिनीने ऐकून घेतलं. आभार मानले नाहीत. मानायचे तर बोलावं लागलं असतं, आणि बोलायचं नाही म्हणजे नाही! वसंत आला, बर्फ वितळला, दोघं ‘मीठ दे’, ‘फोन आलाय’ इतपत बोलू लागले. पण त्या शोचा विषय पुन्हा निघाला नाही आणि बाबा पुन्हा तिच्या एकाही शोला आले नाहीत. तिने बोलावलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

सॉल्ट ट्रक पुष्कळ वर्षं चालला. मोठे झाले का? नाही. मोठ्यांच्या आधी अर्धा तास वाजवण्याइतके झाले. कुठल्या कुठल्या गावी व्हॅनमध्ये झोपून जायचं, घसा फाडायचा, परत यायचं. शेवटी एका शोमध्ये घसा खरंच फाटला. वरच्या पट्टीत गेली आणि आवाजाच्या जागी नुसती हवा बाहेर पडली. डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूंवर गाठी आहेत, काढाव्या लागतील. काढल्या. नंतर काही आठवडे बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. बँडच्या पोरांनी फुलं पाठवली, ‘लवकर बरी हो’ लिहिलं, आणि दुसरी गायिका घेतली. पद्मिनीला ते पोस्टर बघून कळलं.

आता हिची काय अवस्था झाली असेल बघा. भडकावं तर ओरडायची चोरी! शोभनाने एक छोटा व्हाइटबोर्ड आणून दिला, ‘लिहून मोकळी हो’ म्हणाली. त्यावर तिने जे लिहिलं ते इथे छापण्यासारखं नाही. शोभनाने चष्मा लावून वाचलं, निमूटपणे पुसलं आणि म्हणाली, ‘स्पेलिंग तरी बरोबर आहे का?’

कामाला मात्र जाता येत होतं. दात साफ करायला बोलायला कशाला लागतं! दवाखाना नेपरव्हिलच्याही पश्चिमेला, मक्याच्या शेतांमधल्या एका गावात. पेशंट सगळे शेतकरी, नाहीतर ट्रॅक्टर दुरुस्त करणारे. त्यामुळे रेडिओवर दिवसभर कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकन गावाकडची गाणी. इतकी वर्षं तिने तो आवाज कानाआड केला होता. आता मुकी झाल्यावर कानांना दुसरं कामच उरलं नाही. गाणारे खालच्या पट्टीत गात होते, सांगितल्यासारखं. कुणी आपला जुना ट्रक विकल्याचं सांगत होतं, कुणी बहिणीशी तुटल्याचं. शब्द न् शब्द कळत होता. एके दिवशी खुर्चीतला एक दांडगा शेतकरी तोंड वासून रडायला लागला. पद्मिनीला वाटलं, हिरडीला लागलं की काय! त्याने रेडिओकडे बोट दाखवलं.

तिने हातातलं हत्यार खाली ठेवलं. तिला आयुष्यात कुणालाही असं रडवता आलं नव्हतं. लोकांचे कान दुखवले होते, तेवढंच.

आवाज परत आला तो दुसराच. जाड, खाली उतरलेला, थोडा खरखरीत, वर जायचा रस्ता बंद. डॉक्टर म्हणाले, ‘आता हौसेपुरतं गा.’ हौस! हा शब्द तिच्या डोक्यात गेला तो गेलाच. त्याच आठवड्यात खुर्चीत वेंडेल नावाचा म्हातारा आला. हा शेतीची यंत्रं दुरुस्त करायचा आणि पेडल स्टील वाजवायचा, म्हणजे ती मांडीसमोर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी कांडी सरकवत वाजवायची गिटार. पद्मिनीने त्याच्या तोंडात नळी घातली, आरसा घातला आणि म्हणाली, ‘मी गाणी लिहितेय. तू माझ्याबरोबर वाजवणार आहेस. नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण.’

वेंडेल म्हणाला, ‘अँ.’ तिने तो होकार धरला.

मग लोकांनी तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. मंडळाच्या पिकनिकला आश्लेषाकाकू डिश हातात धरून म्हणाल्या, ‘अय्या, कंट्री? म्हणजे ते टोपी घालून, घोड्याबिड्यावर बसून?’

‘घोड्यावर आपल्याकडे नवरदेवही बसतात, काकू. ते कुठे गातात?’

सॉल्ट ट्रकच्या जुन्या चाहत्यांनी लिहिलं, ‘तू विकली गेलीस.’ हिने उलट लिहिलं, ‘घेणारा कोण आहे त्याचा नंबर द्या, मलाही त्याला भेटायचंय.’ आणि जिथे गायची ते तरी कुठे पायघड्या घालत होते! लहान गावांतले बार, चर्चचे हॉल, मक्याच्या हंगामातल्या जत्रा. हिला स्टेजवर चढताना बघूनच दोनचार लोक बिल मागवायचे. ती पहिल्या ओळीपासून त्यांच्याकडेच बघून गायची. काही बिल देऊन जायचे, काही परत बसायचे. बसलेल्यांचं तिला बरं वाटायचं, गेलेल्यांचं ती लक्षात ठेवायची.

बाबा या सगळ्यावर काय म्हणाले? ‘आता टोपी घालणार का?’ एवढं एकदा विचारलं. ‘नाही,’ ती म्हणाली. ‘बरं,’ ते म्हणाले आणि पेपर उघडला.

त्या मुलखात गायचं ठिकाण म्हणजे एकच, कॉर्न क्रिब. मक्याची कणसं साठवायची जुनी वखार होती, तिचा डान्स हॉल केलेला. हिवाळाभर दर शनिवारी संध्याकाळी आसपासच्या गावांतून लोक नाचायला येतात, नातवंडांपासून आजोबांपर्यंत. तिथे जो गातो तो गायक, बाकीचे हौशी. पद्मिनीला तो शनिवार हवा होता. चाळिशीतली, शस्त्रक्रिया झालेला गळा, मोठ्या शहरात कुणी उभं करणार नाही. दर आठवड्याला उभं राहायला स्वतःची अशी जागा मिळाली नाही, तर डॉक्टरांचा तो शब्द खरा ठरणार होता. ती हॉलच्या मालकाला, रॉयला, भेटली. त्याने गाणं ऐकलं, मान डोलावली.

‘गातेस छान. पण कसंय, आमचं पब्लिक…’

‘पब्लिकचं काय?’

रॉयने वाक्य पुरं केलं नाही. ‘तू असं कर, काउंटी फेअरमध्ये गायनाची स्पर्धा असते. जिंकणाऱ्याला मी हिवाळ्याचे शनिवार देतोच. जिंक, मग बोलू.’

ती जिंकणार नाही याची त्याला खात्री होती, हे तिला त्याच्या दातांवरूनसुद्धा कळलं असतं.

जुलै महिना, कडक ऊन. फेअर म्हणजे आपल्याकडची जत्राच. डुकरांचं प्रदर्शन, तळलेल्या पिठाचा वास, पाळणे, गाई घेऊन आलेली शाळकरी मुलं. शोभना येणार हे ठरलेलंच होतं, पण तिचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, गाडी चालवायची बंदी. म्हणून गद्र्यांना यावं लागलं. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, ‘तुम्ही गाणं करा. मी पलीकडे जुने ट्रॅक्टर मांडलेत ते बघून येतो.’

‘बघा,’ पद्मिनी म्हणाली. ‘ते ओरडत नाहीत.’

शोभनाने काळ्या गॉगलमागून दोघांकडे बघितलं आणि ‘काय ही माणसं!’ म्हणून पहिल्या बाकावर जाऊन बसली.

स्पर्धेचा नियम सोपा होता आणि कडक होता. प्रत्येकाने एकच गाणं गायचं, संपलं की खाली उतरायचं. पुन्हा सूर लावला की बाद. आदल्या वर्षी एका पठ्ठ्याने टाळ्या पडल्या म्हणून ध्रुवपद आणखी एकदा म्हटलं, तर त्याला तिथल्या तिथे घरी पाठवलं होतं. परीक्षकांच्या टेबलावर तिघं होते, त्यातला एक रॉय.

पद्मिनीचा नंबर आला. निवेदकाने तिचं नाव तीन वेळा तीन तऱ्हांनी मोडलं. ‘पद्मिनी,’ तिने माईकवर सांगितलं, ‘घाई नाही, सावकाश म्हणा.’ त्याने म्हटलं. लोक हसले. वेंडेलने कांडी तारेवर ठेवली आणि सूर असा सरकत वर नेला की पहिल्या बाकावर शोभनाने मान हलवली.

गाणं तिने त्या हिवाळ्यावर लिहिलं होतं. कुणाला दाखवलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. त्या वर्षी आम्ही बोलत नव्हतो, असं ते सुरू होत होतं. घरात दोन जिने होते आणि आम्ही एकेक वाटून घेतला होता. रात्रभर बर्फ पडायचा, आणि सकाळी माझ्या गाडीची काच मात्र स्वच्छ. त्या माणसाने मला एक शब्द दिला नाही, पण पुढचा रस्ता रोज दाखवला. बस, एवढंच गाणं. ओरडणं नाही, उंच जाणं नाही.

पण फेअरमध्ये डुकरांचे निकाल सांगायला खांबाखांबावर कर्णे लावलेले असतात, आणि ते पार ट्रॅक्टरांपर्यंत जातात, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटचं कडवं चालू असताना गवताच्या गंज्यांमागून एक माणूस झपाझप येताना तिला दिसला. शर्ट इन केलेला. आजवर स्टेजवरून तिने त्यांची पाठच पाहिली होती, आज तोंड दिसत होतं. तिने तसंच बघत गाणं संपवलं.

टाळ्या पडल्या, बऱ्यापैकी पडल्या. आणि त्यांच्या वरून खणखणीत आवाज आला, ‘वन्स मोअर!’

सगळा मांडव वळून बघायला लागला. त्या मंडळींना गाणं असं परत मागायची पद्धत काय माहीत! कुणाला वाटलं म्हातारा तक्रार करतोय, कुणाला वाटलं ऊन लागलं. परीक्षक एकमेकांकडे बघू लागले. गद्रे जागचे हलले नाहीत. ताठ उभे राहून, मंडळाच्या हॉलमध्ये असल्यासारखे परत गरजले, ‘वन्स मोअर!’ एक सिक्युरिटीवाला पोरगा लगबगीने गेला आणि त्याने ‘सर, सर’ करत त्यांचा दंड धरला.

‘काय पाहिजे त्यांना?’ वेंडेलने हळूच विचारलं.

‘हेच गाणं परत.’

‘परत गायलो तर बाद.’

‘माहीत आहे.’

‘गाणं तुझं आहे,’ वेंडेल म्हणाला. ‘तू ठरव.’ आणि कांडी हातात धरून थांबला.

मागच्या सीटवर बसून ज्याची स्वप्नं बघितली, तो आवाज आला होता. आणि आला होता कुठे, तर जिथे घेता येत नाही तिथे! ती पूर्वीची असती तर एका क्षणात गायली असती. नियम मोडायचा म्हणजे सॉल्ट ट्रकच्या पोरीला काय अवघड? त्यावरच तर तिचं सगळं तारुण्य गेलं होतं. तिचं तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात तिची नजर रॉयवर गेली. रॉय पेन खाली ठेवून, खुर्चीत रेलून, मजेत बघत होता. गा की, असा चेहरा. गा आणि माझी सुटका कर.

पद्मिनीने तोंड मिटलं. रागाने तिचे कान लाल झाले होते, आणि राग आला की तिला नेहमीच नीट सुचायचं.

‘बाबा,’ ती माईकवर म्हणाली. मराठीत. खांबाखांबावरच्या कर्ण्यांतून, डुकरांवरून, पाळण्यांवरून, सगळ्या मक्याच्या शेतांवरून मराठी घुमली. ‘आज नाही. आज मी कामावर आहे. वन्स मोअर हवा असेल तर हिवाळ्यात कॉर्न क्रिबला या. शनिवारी. आणि तिकीट काढून या!’

मग ती लोकांकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, ‘ते माझे वडील आहेत. त्यांना गाणं परत ऐकायचंय. मी सांगितलं, इथे एकदाच मिळतं. पुढचं रॉयच्या हॉलवर, शनिवारी.’

मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, ‘रॉय, ऐकलंस का रे?’ आणि मांडवात असा हशा पिकला, अशा टाळ्या पडल्या की आधीच्या टाळ्या त्यापुढे काहीच नाहीत. सिक्युरिटीवाल्या पोराने गद्र्यांचा दंड सोडला आणि तोही टाळ्या वाजवायला लागला. पद्मिनी मागे न बघता पायऱ्या उतरली.

ती जिंकली. रॉयने हात मिळवला तो दाढ दुखत असल्यासारखा. ‘शनिवारी भेटू,’ तो म्हणाला. ‘भेटू,’ ती म्हणाली, ‘आणि दर सहा महिन्यांनी दातांचं क्लिनिंग करून घेत जा.’

पार्किंगमध्ये गद्रे गाडीला टेकून फुगून उभे होते.

‘माझा वन्स मोअर आजपर्यंत कुणी परत पाठवला नाही,’ ते म्हणाले. ‘भल्याभल्यांनी घेतला.’

‘आणि माझं गाणं अर्ध्यात टाकून उठून गेलात त्याचं काय?’

‘एकदाच गेलो.’

‘त्यानंतर आलात कुठे!’

गद्र्यांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. शोभना गॉगल सावरत मधे उभी होती, पण या खेपेला निरोप पोचवायला तिने साफ नकार दिला.

‘शब्द कळले,’ गद्रे शेवटी म्हणाले.

पद्मिनीने आईचा गॉगल उगाच नीट केला.

‘पण गाण्यात चूक आहे.’

‘काय?’

‘तू फक्त पुढच्या काचेचं म्हटलंस. मी मागचीसुद्धा पुसायचो.’

‘बाबा!’

‘मी फॅक्ट सांगतोय. मागचं दिसल्याशिवाय ड्राइव्हवेमधून रिव्हर्स कशी काढणार होतीस?’ एवढं बोलून ते गाडीत बसले आणि त्यांनी एसी लावला.

डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी दुपारपासून भुरभुर बर्फ पडत होता. कॉर्न क्रिब भरलं होतं. नाचायचा हॉल तो, मधे सगळी मोकळी लाकडी जमीन, बसायला भिंतीकडेच्या बाकांपलीकडे काही नाही. दारातून गद्रे आले. शर्ट इन, वर जाड जॅकेट, एका हातात तिकीट, दुसऱ्या हातात घरून आणलेली फोल्डिंगची खुर्ची! नाचणाऱ्यांमधून ‘एक्स्क्यूज मी’ करत ते पुढे गेले, मनातल्या मनात तिसरी रांग कुठे येईल याचा अंदाज घेतला, तिथे कडेला खुर्ची उघडली, जॅकेट काढून तिच्या पाठीवर टाकलं, आणि ताठ बसून डोळे मिटले. जोडपी त्यांना वळसा घालून नाचू लागली. शोभना मागे भिंतीशी उभी राहून, आपण यांच्या कुणी नाही असा चेहरा करत होती. तिने गाडीतच बजावलं होतं, ‘इथे ओरडायचं नाही. मागच्या खेपेला पोलिसांनीच न्यायचं बाकी ठेवलं होतं.’

पद्मिनीने बाकीची गाणी गायली, लोकांना नाचवलं, घाम काढला. मग तिने ते गाणं घेतलं. पावलं मंदावली, माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हळूहळू फिरू लागली. गाणं संपलं. टाळ्या पडल्या. तिने खुर्चीकडे बघितलं.

गद्र्यांचे डोळे मिटलेलेच होते. शोभनाच्या धाकाने त्यांनी तोंड घट्ट आवळलं होतं आणि उजव्या हाताचं एक बोट वर केलं होतं. शाळेत पाणी प्यायला जायची परवानगी मागतात तसं.

वेंडेलने ते बघितलं आणि कांडी तारेवर ठेवली.

‘थांब,’ पद्मिनी त्याला म्हणाली. मग माईक जवळ ओढला. ‘ऐकू नाही आलं, बाबा.’

बोट आणखी वर गेलं.

‘ऐकू नाही आलं! इतकी वर्षं थांबलेय मी. बोटाने नाही चालणार.’

गद्रे उठले. खुर्ची मागे कलंडली. त्यांनी घसा साफ केला, शोभनाकडे एकदा बघितलं, आणि वखारीच्या जुन्या तुळया हादरतील असा आवाज काढला, ‘वन्स मोअर!’

हॉलभर माणसं थबकली. आणि पद्मिनी गायली. पहिलं कडवं तसंच. दुसऱ्यात, पुढच्या काचेच्या ओळीनंतर ती थांबली, वेंडेलला डोळ्याने थोपवलं, आणि तिने एक नवी ओळ टाकली, की तो माणूस मागची काचसुद्धा पुसायचा, कारण मागचं दिसल्याशिवाय घरातून बाहेर पडता येत नाही.

तिसऱ्या रांगेत उभ्या उभ्या, डोळे मिटून ऐकणाऱ्या गद्र्यांनी डोळे उघडले.

‘आता बरोबर आहे,’ ते मोठ्याने म्हणाले, आणि मग खिशात रुमाल सापडेना म्हणून शर्टाच्या बाहीला नाक पुसलं.